माहेर टांग्याचं

आई, काल तुझा मुलगा कारवारहून परत आला. तुझं गाव पाहून आला म्हणे. येताना काजू आणले, कोकम आणलं आणि तिथल्या समुद्रापुढे उभं राहून काढलेला स्वतःचा नि बायकोचा एक मोठा फोटो आणला. इंदुरातल्या विजय नगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर तुझा फोटो आहे, त्याच्या शेजारी तो हा लावणार आहे. मला मुद्दाम बोलावून दाखवला. "ताई, आईचा समुद्र," असं म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. काजूची बशी मी तशीच पुढे सरकवली आणि तब्येतीचं निमित्त करून घरी आले. तेव्हापासून तुझ्याशी बोलणं डोक्यात चालू आहे, ते आता कागदावर उतरवते आहे. मराठी वाचायला तू कधी शिकली नाहीस, तेव्हा तू असतीस तरी हे पाठवण्यात अर्थ नव्हता.

तुझं गाव कारवार नव्हतं. तुझं गाव टांगा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं टांगा, जिथे बाबा रेल्वेत कारकून होते आणि जिथे मी जन्मले. मला त्यातलं थोडंच आठवतं, पण जे आठवतं ते कुणी सांगितलेलं नाही, माझं स्वतःचं आहे. घराच्या मागे पत्र्याखाली तुझी चूल. तू त्या घडीच्या लाकडी बैठकीवर बसली आहेस, बैठकीच्या पुढे लोखंडी दाते आहेत आणि त्यावर तू नारळ खवते आहेस. वाटीतला नारळाचा शेवटचा चव माझ्या तोंडात. गावाबाहेर घायपाताचे मळे, त्यांचा तो कुजका ओला वास वाऱ्यावर येतो आणि बाबा नाकाला रुमाल लावतात. तू हसतेस, कारण तुला तो वास आवडतो. संध्याकाळी बाबा कामावरून आले की तू आतून ओरडून सांगतेस, "मी आलो," आणि बाहेर येतेस. तुझ्या भाषेत बाई-पुरुषाचं क्रियापद वेगळं नसतं आणि मराठी तू फक्त बाबांच्या तोंडून शिकलीस. ते म्हणायचे मी आलो, मी जेवलो, मी दमलो, तर तूही तेच म्हणायचीस. बाबांना ते गोड वाटायचं, म्हणून त्यांनी कधी सुधारलं नाही. मीही तसंच बोलायचे. तिथे आम्हा तिघांत चूक अशी नव्हतीच.

मग काकांचं बोलावणं आलं आणि आपण इंदूरला आलो. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. राजधानी इंदूरला न ठेवता भोपाळला नेली, म्हणून काका रोज जेवताना सरकारला शिव्या देत असत. पण ते नंतरचं. मला आठवतो तो स्टेशनाचा पहिला क्षण. सामान घेऊन आपण बाहेर पडलो आणि समोर घोडागाड्या रांगेने उभ्या, त्यांचे गाडीवाले गळा काढून ओरडताहेत, "टांगा! टांगा चाहिए? टांगा, बाई, टांगा!" तू जागच्या जागी थांबलीस. अनोळखी मुलखात उतरल्या उतरल्या एवढी माणसं तुझ्या गावाचं नाव घेऊन तुला हाका मारत होती. तू बाबांकडे पाहिलंस, तुझा चेहरा उजळलेला मी पाहिला. बाबांनी हसत हसत समजावलं की इथे टांगा म्हणजे ही गाडी. तुलाही हसू आलं. इंदुरात तू मनापासून हसलीस ती मला आठवणारी हीच एक वेळ.

स्नेहलतागंजमधल्या त्या घरात काकू होती. काकांची बायको, घराची मालकीण, आणि माझ्या आयुष्यातल्या शिसारीची सुरुवात. तिने पहिल्याच दिवशी तुझा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवला, आणि तो तूच घासायचीस, राखेने. तुझे बारीक कुरळे केस खरेच आहेत की नाही हे बघायला गल्लीतल्या बायका यायच्या, बोटं घालून बघायच्या, मग पदराला बोटं पुसायच्या. पण सगळ्यात मोठी करमणूक तुझ्या बोलण्याची. दुपारी बायका जमल्या की काकू तुला स्वयंपाकघरातून बोलावून घ्यायची. "सुनो तो, काय मजा येते बघा. अगं, सांग ना यांना, जेवलीस का तू?" आणि तू, पाहुण्यांशी नीट वागायचं म्हणून, हसून सांगायचीस, "मी जेवलो." बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. काकू म्हणायची, एकदा परत बोल. तू परत बोलायचीस. चुकतंय काय हे तुला किती दिवस कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तू बोलणंच कमी केलंस. माझी सुधारणा काकूने स्वतः हातात घेतली होती. दर "आलो"ला दंडावर एक चिमटा. महिन्याभरात मी "आले" म्हणायला लागले आणि तिने सगळ्यांना सांगितलं, पोरगी हुशार आहे, लाइनीवर आली.

तिकडचं लग्न काकूला मान्य नव्हतं. तिकडे काय लग्न, तिकडे काय विधी, म्हणून आपल्या घरात पुन्हा लग्न लागलं. आईबापांच्या लग्नात मी परकर-पोलकं घालून अक्षता टाकल्या. लोक हे विनोदाने म्हणतात, माझ्या बाबतीत ते घडलं. अडचण आली ती कन्यादानाची. वधूकडचं कुणीतरी हवं. गल्लीत आपल्यापासून तिसऱ्या घरात कारवारकडचं एक वयस्क जोडपं राहत होतं, मूलबाळ नसलेलं, रंगाने सावळं. काकूने त्यांना गाठलं. भटजींनी वधूचं गोत्र विचारलं, तर काकांनी पटकन सांगितलं, काश्यप. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, संपलं. तुझा देव कुठला, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मग ताटात तांदूळ पसरले आणि बाबांनी अंगठीने त्यावर तुझं नवं नाव लिहिलं. जुनं नाव त्या दिवशी घरातून गेलं ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही, एकदा सोडून. ते तांदूळ संध्याकाळी खिचडीत टाकले. मी ती खिचडी खाल्ली आहे.

त्या दिवसापासून तू कारवारची झालीस. कन्यादान त्यांनी केलं, म्हणजे मुलगी त्यांची, हे काकूचं म्हणणं. यात खोटं काय आहे, असं ती छातीठोकपणे विचारायची, आणि गंमत म्हणजे शास्त्राने तिचंच बरोबर निघायचं. हीच माणसं, आई, सात पिढ्या इंदुरात. होळकरांच्या फौजेबरोबर यांचा कुणी पूर्वज इकडे आला, इथलं खाल्लं, इथे मेला, आणि तरी काका कुणी विचारलं की मान ताठ करून सांगायचे, "आमचं गाव साताऱ्याकडचं." सातारा त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. न पाहिलेलं गाव त्यांना सात पिढ्या धरून ठेवता येत होतं, आणि तुझं तुझ्या अंगावर अजून ओलं असलेलं गाव त्यांना एका सकाळी पुसून टाकायचं होतं. मक्याचं पीठ घट्ट शिजवून तू गोळा केलास तेव्हा काकू म्हणाली, हे गुरांचं खाणं. आणि पावसाळ्यात हीच बाई भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचाच, कीस बोटं चाटून खायची.

काही मागितलंस की, रडलीस की, गप्प बसलीस की काकूचं एकच उत्तर असायचं. "माहेर आहे ना तुझं, दोन घर छोडून. जा की, कोण रोकतंय?" आणि तू जायचीसही. तिसऱ्या घरच्या त्या बाई फार मायेच्या होत्या असं मी म्हणणार नाही. वधूमाय म्हणून मिळालेला मान त्यांना आवडला होता, सणावारी त्या काकूकडून तो बरोबर वसूल करायच्या. पण त्यांच्याकडे नारळ असायचा. तू तुझी ती दात्यांची बैठक पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलीस, तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाल्या, आमच्याकडे अशीच असते. तेवढ्यावर तू तिथे तासन्‌तास खवत बसायचीस. मला वाटतं, कारवारचं एवढंच तुला खरं मिळालं.

मग तुला दिवस गेले. आणि आता मी जे लिहिते आहे ते मी स्वतः चुलीजवळ बसून ऐकलेलं आहे. गल्लीतल्या कुणाची तरी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि या लोकांत पहिलं बाळंतपण माहेरी करतात हे तुला तेव्हा कळलं. तू ते अनेक दिवस मनात धरून ठेवलंस. एका सकाळी काकू पोळ्या लाटत होती, तेव्हा तू तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? काकू म्हणाली, पहिलं असतं, तुझं दुसरं आहे. माझ्याकडे बोट केलं. तू म्हणालीस, "लग्न इथे झालं. ते आधीचं लग्न नाही, तुम्हीच म्हणाला. मग हे पहिलं. मी माहेरी जातो. टांगा."

मला अजूनही त्या क्षणासाठी तुझा अभिमान वाटतो. तिच्याच कायद्यात तू तिला पकडलं होतंस. काकूचं लाटणं थांबलं. बाबा पलीकडे दाढी करत होते, त्यांनी आरशातून पाहिलं आणि पुन्हा दाढी करू लागले. मुंबईहून बोट सुटते, हे त्यांना ठाऊक होतं. आपण त्याच बोटीने आलो होतो. काकूने हात धुतले, पदराला पुसले आणि फार गोड आवाजात म्हणाली, "बिलकुल. आपल्यात रिवाजच आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच. सातवा लागला की जा ना. तिसऱ्या घरी सांगून ठेवते मी."

सातवा लागला. तू माझे दोन फ्रॉक, तुझी एक साडी आणि ती बैठक एका चादरीत बांधलीस, माझा हात धरलास आणि काकूला सांगितलंस, "मी माहेरी जातो." तिला वाटलं तू शेवटी शहाणी झालीस. तिने तुला कुंकू लावलं. आपण गल्लीत उतरलो आणि तिसऱ्या घरावरून पुढे गेलो. मी तुझ्याकडे पाहते, तू पाहत नाहीस. स्टेशन जवळच होतं. त्या दुपारी गाडीवाले सावलीत होते, त्यातला एक उठून म्हणाला, टांगा, बाई? तू त्याच्या गाडीत मागे बसलीस, मला शेजारी घेतलंस, गाठोडं मांडीवर.

त्याने विचारलं, "कहाँ जाना है?"

तू म्हणालीस, "टांगा."

"टांगा तो ये रहा, बाई. जाना कहाँ है?"

"टांगा," तू पुन्हा म्हणालीस, आणि मग त्याला पटावं म्हणून, "माहेर. टांगा."

तो चिडला नाही. माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं, मला त्याचं हिंदी कळलं नाही. मग त्याने घोड्यापुढे गवत टाकलं आणि बाजूला जाऊन विडी ओढत बसला. तू उतरली नाहीस. तुला कळत नव्हतं असं नाही, आई. त्या गाडीने समुद्र ओलांडता येत नाही एवढं तुला नक्की कळत होतं. पण त्या सगळ्या शहरात तुझ्या गावाचं नाव असलेली ती एकच जागा होती आणि तू तिच्यात बसून राहिलीस. इतर गाडीवाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते आणि तू ऐकत होतीस.

बाबा ऑफिसमधून त्याच रस्त्याने परतायचे. त्यांनी आपल्याला पाहिलं, जवळ आले. मग वर चढून तुझ्या शेजारी बसले आणि अगदी हळू त्यांनी तुझं नाव घेतलं. तांदळावरचं नाही, तुझं. ते नाव मी त्या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं. तू झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलंस. तुझं सगळं अंग वळलं. मला वाटलं, आता आपण जाणार, आता बाबा गाडीवाल्याला काहीतरी वेगळं सांगणार. त्यांनी तुझा हात धरला आणि गाडीवाल्याला म्हणाले, "स्नेहलतागंज. कारवारवालों के घर।"

तिसरं घर, आई. आपलं घरसुद्धा नाही. काकूने आखून दिलेलं माहेर त्यांनी तोंडाने सांगितलं, आणि तुला हलवायला तुझं खरं नाव वापरलं. मला तेव्हा जे वाटलं त्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. पुढे शाळेत किळस हा शब्द शिकले तेव्हा मला पहिल्यांदा बाबांचा हात आठवला. काकू वाईट होती, ती निदान उघड होती. बाबा फार सौम्य होते. ते कधी मोठ्याने बोलले नाहीत, आजारपणात त्यांनी तुझे पाय चेपले, आणि सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. मी त्यांची म्हातारपणी सेवा केली आणि त्यांचा तो उजवा हात धुताना दर वेळी मी दुसरीकडे पाहिलं. हे मी कुणाला बोलले नाही.

माझा भाऊ तिसऱ्या घरी जन्मला. वेणा येताना तू तुझ्या भाषेत ओरडत होतीस आणि त्या बाई लगबगीने खिडक्या लावत होत्या, लोक ऐकतील म्हणून. मुलगा गोरा निघाला. काकूने त्याला उचलून घेतलं ते पुन्हा खाली ठेवलंच नाही. तू मात्र त्यानंतर कुठेही जायचं नाव काढलं नाहीस. दुपारी कधीतरी गच्चीवर जाऊन स्टेशनाकडे कान देऊन उभी राहायचीस, एवढंच. भाऊ शाळेत जायला लागला त्या वर्षी तू तापाने गेलीस. सवाष्ण गेलीस, म्हणून तुला माहेरची साडी हवी होती. काकूने आपल्या कपाटातून एक हिरवी साडी काढली आणि मागच्या बोळातून तिसऱ्या घरी पाठवली. तीच साडी थोड्या वेळाने पुढच्या दारातून त्या बाई रडत रडत घेऊन आल्या, आणि बायका म्हणाल्या, माहेरची साडी आली. मी दोन्ही दारं पाहिली होती. त्या साडीत तू गेलीस.

यानंतरचं एकच सांगायचं आहे. भावाचं लग्न झालं, बायको कोल्हापूरची. नाकीडोळी नीटस, उजळ, मोकळ्या स्वभावाची, तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी काकूने तिला हाक मारली आणि ती आतून ठसक्यात म्हणाली, "आलो, आलो, मी आलो." माझ्या हातातली परात खाली पडली. आणि काकू, आता म्हातारी, दात गेलेली, कौतुकाने सगळ्यांकडे पाहून म्हणाली, कोल्हापूरकडे मुली असंच बोलतात, किती गोड लागतं ना कानाला. सगळे हसले. तेच हसणं नव्हतं ते, फार प्रेमाचं होतं. चाळीस वर्षं झाली, ती अजून "मी आलो" म्हणते, तिला कुणी चिमटा काढलेला नाही. मी परात उचलून आत गेले आणि मोरीत ओकले.

काल निघताना मी भावाला सांगितलं. मी म्हटलं, ते आईचं गाव नाही, आईचं गाव टांगा. त्याची बायको म्हणाली, टांगा म्हणजे घोडागाडी का? तो तिला गप्प राहायची खूण करून मला म्हणाला, "ताई, आता काय करायचंय त्याचं? फ्रेमवाल्याला सांगून आलो मी." त्याला माहीत नाही असं नाही, आई. त्याचे केस कसे आहेत हे त्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर जन्मभर तो ते वाढू न देता कापत आला. रंगाने त्याला सोडलं, केसांनी सोडलं नाही. माझे आता पांढरे झाले आहेत आणि मी ते तसेच मोकळे ठेवते. शेजारीपाजारी विचारतात, कुठल्या तुम्ही? मी सांगते, टांग्याची. ते हसतात, त्यांना वाटतं बाईंचा विनोद आहे.

तुझं खरं नाव मला आठवतं. ते इथे लिहीत नाही, कारण एकदा ते चुकीच्या कामाला वापरलेलं मी ऐकलं आहे. हा कागदही मी कुणाला दाखवणार नाही, भावाला तर नाहीच. फक्त एक तुला सांगायला हवं. मी एकटी राहते. बाजारातून आले, कुलूप काढलं, दार लोटलं की आत कुणी नसतं, आणि मी पिशवी खाली ठेवत मोठ्याने म्हणते, "मी आलो." कुणी हसत नाही.